मुलाबरोबर बांधायचं रॉकेट टिकावं म्हणून

तुमचा प्रश्न असा: मुलगा आठ वर्षांचा, दोघांनी मिळून पहिलं मॉडेल रॉकेट बांधलं, उडालंही झकास, पण पहिल्यांदा जमिनीवर आलं तेव्हाच एक पंख मुळापासून निघाला आणि पोरगं हिरमुसलं. आता दणकट किट कसं निवडावं, त्याच्या हाती किती काम द्यावं, आणि त्या जुन्या रॉकेटचं काय करावं?

मी हे उद्योग भाचीबरोबर करतो. ती सात वर्षांची असताना सुरुवात केली, आता ती अठराची आहे. किती रॉकेटं गेली याचा हिशेब तिच्या वहीत आहे, त्यामुळे मला फुशारकी मारायची सोय नाही. बहुतेक वाऱ्याबरोबर वाहत जाऊन हरवली, बरीचशी उतरताना मोडली, वर जाताना वाया गेलेलं एकच, आणि तेही माझ्या चुकीने. म्हणून मी दणकट रॉकेट कशाला म्हणतो, तर जे नजरेच्या टप्प्यात परत येतं आणि मोडलं तर पोराला स्वतः जोडता येतं. खोक्यावर काय छापलंय त्याला फारसं महत्त्व देऊ नका.

किट घेताना आधी चित्रात पंखांची खालची टोकं बघा. देखणी रॉकेटं असतात त्यांचे पंख मागे झुकलेले आणि शेपटीच्याही खाली गेलेले. असं रॉकेट पॅराशूटला लटकून खाली येतं तेव्हा सगळं वजन आधी त्या एका टोकावर पडतं. तुमचाही पंख असाच गेला असणार. पंखांची खालची कड नळीच्या टोकापेक्षा थोडी वर असेल, तर आधी नळी टेकते आणि पंख वाचतात. रॉकेट बुटकं आणि जाडसर असलं तर आणखी चांगलं. ते हवेला जास्त अडतं, त्यामुळे कमी उंच जातं, सावकाश जातं, पोराला पूर्ण प्रवास दिसतो. पहिली काही वर्षं उंचीच्या मागे लागू नका.

दुसरी गोष्ट, पंख नळीवर नुसते चिकटवायचे आहेत की नळीतल्या खाचेतून आत जाऊन मोटरच्या, म्हणजे रॉकेटला ढकलणाऱ्या इंधनाच्या कांडीच्या, नळीला टेकतात? खाचेतून आत जाणारे पंख सहजी उखडत नाहीत. प्लायवूडचे असतील तर सहसा तुटतही नाहीत. प्लॅस्टिकच्या एकसंध शेपटीची तयार किटं मिळतात, पहिल्या दिवशी उडवायला उत्तम. पण प्लॅस्टिकला तडा गेला की पोराला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून माझी पसंती लाकडालाच.

बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाचे पंख असले तरी घाबरू नका. फक्त लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर आहेत ना ते बघा. आडव्या असतील तर पंख बिस्किटासारखा मोडतो. मग पंखाच्या दोन्ही बाजूंना साधा छपाईचा कागद पातळ गोंद लावून चिकटवा आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा. ओलसर असताना दाबलं नाही तर पंख वाकतो आणि मग कचऱ्यातच जातो. कागद चढवलेला बाल्सा हातात घेऊन वाकवून बघा, फरक लगेच कळतो. आणखी एक, पंख चिकटवण्याआधी त्याचा आकार जाड पुठ्ठ्यावर गिरवून ठेवा. आमच्याकडे असे साचे एका पाकिटात आहेत आणि आजवर सगळ्यात जास्त उपयोग त्या पाकिटाचाच झालाय.

गोंदाबद्दल लोक उगाच महागड्या गोष्टींच्या मागे लागतात. लाकूड आणि पुठ्ठ्यासाठी सुतारकामाचा पांढरा गोंद पुरतो. नीट लावला तर सांधा सुटायच्या आधी नळीचा कागद फाटतो. झटपट चिकटणारा गोंद पंखांना नको, तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि आपटलं की कडकन सुटतो. पद्धत अशी: पंखाच्या कडेला आणि नळीवरच्या रेघेवर पातळ थर लावायचा, तो जवळपास वाळू द्यायचा, मग पंखाला पुन्हा थोडा गोंद लावून दाबायचं. अर्ध्या मिनिटात पकड येते, आठ वर्षांचा हात तेवढा वेळ स्थिर राहू शकतो. वाळलं की पंख आणि नळीच्या कोपऱ्यात बोटाने गोंदाची गोलसर कड ओढायची. ही कड दोन पातळ थरांत द्या, एका जाड थरात दिली तर आत बुडबुडे राहतात. बोटाने कड ओढणं हे पोरांचं आवडतं काम आहे, आणि लहान बोट त्या कोपऱ्यात आपल्यापेक्षा छान बसतं.

मोटरची नळी आत बसवताना मात्र सावध राहा. ती मधोमध धरायला तिच्याभोवती कागदी कडं असतं, आणि पांढरा गोंद त्या कड्याला सरकवतानाच मध्ये धरतो. मी एकदा "जरा सरळ करतो" म्हणून सरकवता सरकवता थांबलो, आणि कडं अर्ध्या वाटेत कायमचं बसलं. आधी कोरडं सरकवून खूण करा, गोंद लावला की एका दमात खुणेपर्यंत न्या. थांबायचं नाही.

आता वर म्हटलेल्या माझ्या चुकीबद्दल. पंख वारंवार तुटतात म्हणून मी एका रॉकेटच्या शेपटीत भरपूर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायचा पक्का गोंद, ओतलं. सांधे लोखंडासारखे झाले. उडवताना रॉकेट सरळ धरणाऱ्या उभ्या सळईवरून सुटताच त्याने हवेत एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर गवतात नाक खुपसून बसलं. भाची म्हणाली, "मामा, हे आपल्यालाच शोधत होतं का?" कारण सोपं आहे. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य (जिथे ते बोटावर तोललं जातं) दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटल्यासारखा असतो) पुढे, नाकाच्या बाजूला असावा लागतो, निदान नळीच्या एका व्यासाइतका. शेपूट जड केली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. दणकटपणाच्या नादात नेमकी हीच चूक होते, म्हणून शेपटीत घातलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवा.

याची चाचणी पोराकडूनच करून घ्या. मोटर, पॅराशूट सगळं भरून रॉकेट बोटावर तोला, जिथे तोललं जाईल तिथे दोरा बांधा आणि टेप लावून पक्का करा. दोन-अडीच मीटर दोरा सोडून डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही. आडवं किंवा उलटं फिरलं तर नोजकोनमध्ये, म्हणजे नाकाच्या शंकूत, थोडी क्लेची माती भरा, तोल नव्याने शोधा आणि पुन्हा फिरवा. मोकळ्या जागेत करा, घरात केलं तर काय होतं ते विचारू नका.

शेपटीनंतर नोजकोन आणि नळी जोडून ठेवणारी दोरी. किटमध्ये बहुधा आखूड रबरी इलॅस्टिक येतं. पॅराशूट बाहेर फेकलं जातं तेव्हा नोजकोन इलॅस्टिकबरोबर ताणला जाऊन परत येतो आणि नळीच्या तोंडावर आपटतो. तिथे चंद्रकोरीसारखा पोचा पडतो, बघितलात की ओळखाल. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी घ्या. मोटरच्या नळीला केवलार या चिवट धाग्याचा दोरा बांधा, तो मोटरच्या गरम वायूने सहजी जळत नाही, आणि त्याला पुढे इलॅस्टिक जोडा. केवलारची गाठ नळीच्या आतच राहिली पाहिजे. तो तोंडाबाहेर आला तर झटक्याने पुठ्ठ्याची नळी चेनसारखी उभी चिरत जातो. नळीच्या तोंडाला आतून पातळ सुपरग्लू मुरवला की कड टणक होते. हे काम मोठ्यांचं, खिडकी उघडी ठेवून.

नोजकोन किती घट्ट असावा याची सोपी कसोटी आहे. नाकाला धरून रॉकेट उचललं तर नळी लटकून राहिली पाहिजे, जरा झटकलं तर सुटली पाहिजे. सैल असेल तर मास्किंग टेपचा एक वेढा, घट्ट असेल तर पॉलिश पेपर. पॅराशूट उडवण्याच्या अगदी आधी घडी करा. रात्री भरून ठेवलेलं प्लॅस्टिकचं पॅराशूट सकाळी गोळा होऊनच बाहेर येतं. घडी घालण्यापूर्वी टाल्कम पावडर भुरभुरा. मोटरच्या गरम वायूपासून पॅराशूट वाचावं म्हणून त्याच्या खाली न जळणारा वॅडिंग कागद चार-पाच तुकडे, सैलसर चुरगळून. साधा टिश्यू चालत नाही, तो पेटत खाली येतो आणि वाळलेलं गवत त्याचीच वाट बघत असतं.

मोटर निवडताना सगळ्यांचा हात मोठ्या अक्षराकडे जातो. अक्षर एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले तो किती वेळ लागतो, सांगतं: ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी ५, सी १०, प्रत्येक पायरीला दुप्पट. पुढचा आकडा न्यूटनमधला सरासरी जोर, शेवटचा आकडा इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. म्हणजे ए८-३ मध्ये तीन सेकंद थांबायचं. जड, बुटक्या रॉकेटला हा शेवटचा आकडा लहान हवा. नाहीतर ते नाक खाली करून वेग घेतं आणि मग पॅराशूट उघडतं, त्यात दोऱ्या तुटतात.

आता हिशेब करा. रॉकेट १०० मीटर गेलं आणि सेकंदाला ४ मीटरने उतरलं, तर हवेत २५ सेकंद. ताशी १५ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर. म्हणजे रॉकेट १०० मीटर लांब जाऊन पडणार. तेच ३०० मीटर उंच गेलं तर वाहणंही तिप्पट, आणि मग शेजारच्या झाडांशी गाठ. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमावलीत ए मोटरला किमान ३० मीटर आणि सीला किमान १२० मीटर रुंदीचं मैदान सांगितलंय. वाऱ्याची मर्यादा ताशी ३२ किलोमीटर. पोर बरोबर असताना मी १५ च्या वर उडवतच नाही. वारा असेल तर पॅराशूटच्या मधोमध भोक पाडा किंवा हलक्या रॉकेटला पॅराशूटऐवजी लांब फीत लावा. ते जरा जोरात उतरेल, पण सापडेल.

मोटर नेहमी कारखान्यात तयार झालेली, आणि तुमच्या देशात ती विकत घेण्या-वापरण्याचे नियम आधी बघून. फटाक्याची दारू काढून नळीत ठासायची कल्पना कोणी सुचवली तर त्याच्या नादी लागू नका. हा छंदच मुळात त्या धोक्यावर उपाय म्हणून वाढला. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला बुटांचा दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल याने भावाबरोबर असं छोटं रॉकेट बनवलं, मग रॉकेट अभियंता जी. हॅरी स्टाइन यांनी ते पुढे नेलं, कारण त्या काळी बरीच पोरं स्वतः इंधन कालवून हात भाजून घेत होती. मोटर मिळतच नसेल तर पाण्याच्या बाटलीचं रॉकेट करा. पंख, तोल, पॅराशूट यांचं गणित तिथेही हेच.

मैदानावरच्या चार गोष्टी. पेटवणं विजेच्या कंट्रोलरनेच, डी किंवा लहान मोटरला ५ मीटर अंतरावरून. किल्ली पोराच्या गळ्यात, ती लावल्याशिवाय बटण चालत नाही, त्यामुळे रॉकेटपाशी कोणी वाकलेलं असताना उडण्याची भीती नाही. पेटलं नाही तर किल्ली काढून ६० सेकंद मोजायची, मोठ्याने, मगच जवळ जायचं. आणि सळई. तिचं टोक बरोब्बर लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतं. टोकावर टोपी ठेवा, उडवताना काढा, लगेच परत घाला. मोटरपेक्षा मला त्या सळईची जास्त धास्ती वाटते.

पोराच्या हाती काम किती? पॉलिश पेपर घासणं, खुणा करणं, गोंदाच्या कडा, रंग, घडी, मोजणी, बटण हे सगळं त्याचं. ब्लेड, सुपरग्लू आणि मोटर बसवणं तुमचं. त्याने लावलेला पंख किंचित तिरका झाला तर हळूच उखडून पुन्हा लावू नका, फार तर रॉकेट वर जाताना फिरकी घेईल. रंग भगवा किंवा काळा घ्या, पांढरं ढगात हरवतं. उंची मोजायला सळईपासून १०० मीटरवर कोणाला तरी कोनमापक, दोरा आणि वजन घेऊन उभं करा, रॉकेट सगळ्यात वर असताना कोन बघायचा: ४५ अंश दिसले तर १०० मीटर, ३० अंशांना ५८, ६० ला १७३. आमच्या वहीत उंचीच्या रकान्याशेजारी "कोणी शोधलं" असाही एक रकाना आहे, त्यावरून भांडणं झाली आहेत.

जुनं रॉकेट टाकू नका. नवीन किट येईपर्यंत तेच दुरुस्त करा. तुटलेल्या जागेचा रंग आणि जुना गोंद खालचा कागद दिसेपर्यंत घासून काढा, रंगावर गोंद धरत नाही. पंख हरवला असेल तर उरलेल्यांपैकी एक पुठ्ठ्यावर गिरवून नवा कापा. बाकीच्या पंखांच्या कोपऱ्यांतही गोंदाची एकेक कड द्या, एक निघाला म्हणजे दुसरेही हलले असतील. इलॅस्टिक बदला, दोऱ्याला बांधून फिरवून बघा, आणि पहिलं उड्डाण ए मोटरवर. नव्या पंखाला वेगळा रंग द्यायचा हट्ट तो करेल, देऊ द्या.