एच-४ वरच्या बहिणीला लॉ स्कूलमधून खरंच फुकट वकील मिळतो का?

दादा, तुमचा प्रश्न वाचून जीव कळवळला. बहीण अमेरिकेत न्यू जर्सीत एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराचा व्हिसा), नवरा हात उचलतो, वर "व्हिसा कॅन्सल करून परत पाठवीन" अशी धमकी, तिच्या हातात एक डॉलर नाही, आणि कुणीतरी सांगितलं की लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये (कायद्याच्या कॉलेजच्या मदत केंद्रात) फुकट मदत मिळते, तर हे खरं का आणि विद्यार्थी काय केस लढणार, असं तुम्ही विचारलंय. हो, खरं आहे. मी तीन वर्षं अशाच एका क्लिनिकमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून जातेय.

आधी ते धमकीचं. नवरा स्वतः कुणाला डिपोर्ट करू शकत नाही. एच-४ त्याच्या एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, टिकून असतो, घटस्फोट झाला की संपतो, हे खरं. पण म्हणून तिच्यापुढे काहीच रस्ता नाही असं अजिबात नाही. पोलिसांत तक्रार असेल आणि तिने तपासाला मदत केली असेल तर यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, अर्ज करता येतो (वर्षाला १०,००० ची मर्यादा असल्याने रांग खूप लांब आहे, तयारी ठेवा). आणि आय-७६५व्ही नावाचा एक वेगळा फॉर्म खास छळ झालेल्या एच-४ सारख्या जोडीदारांना कामाचं परमिट मिळावं म्हणूनच आहे, आपल्या बायकांना हा माहीतच नसतो. तिच्या बाबतीत यातलं काय बसेल ते वकीलच सांगेल, मी नाही.

आता विद्यार्थी. ते लॉ शिकणारे असतात पण प्रत्येक केसवर लायसन्स असलेल्या वकील प्रोफेसरची देखरेख असते, आणि इमिग्रेशन कोर्टात असं विद्यार्थ्यांनी उभं राहायला नियमानेच परवानगी आहे. महागडा वकील अर्धा तास देईल तिथे हे लोक चार-चार तास बसतात. एकदा एका ताईंचं प्रतिज्ञापत्र चाललं होतं, नवऱ्याचा मेसेज होता "माहेरी पाठवून देईन". विद्यार्थिनीने इंग्रजीत लिहिलं की आईच्या घरी पाठवीन, आणि मला विचारलं, यात घाबरण्यासारखं काय आहे? मी तिला सांगत बसले, गावात काय बोलतात, धाकट्या बहिणीचं लग्न कसं अडतं, बाप मान खाली घालून कसा फिरतो. तिने सगळं टिपून घेतलं, ताईंना परत एकेक विचारलं आणि त्या एका वाक्याखाली अर्धं पान त्यांच्याच शब्दांत लिहिलं. ताई ते ऐकताना पहिल्यांदा रडल्या.

क्लिनिक मोजक्याच केस घेतात, बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरच्या सुरुवातीला. एच-१बी किंवा नोकरीवरचं ग्रीन कार्ड वगैरे ते सहसा बघतच नाहीत. न्यूआर्कला रटगर्स लॉ स्कूलचं क्लिनिक आहे, तिथे विचारा. "सध्या जागा नाही" म्हणाले तर खचू नका, दुसरं कुणाचं नाव देता का ते लगेच विचारा. सोबत मानवी या संस्थेलाही फोन करा, १९८५ पासून न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करतात. आणि देशी दुकानात बसून "फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटकडे चुकूनही नको, तो वकील नसतो आणि एकदा चुकीचा अर्ज गेला की निस्तरायला वर्षं जातात.

बहिणीला सांगा, पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीची नोटीस), लग्नाचा दाखला, मारहाणीचे फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट असं सगळं नवऱ्याला माहीत नसलेल्या नव्या ईमेलवर पाठवून ठेव. पासपोर्ट त्याने लपवला असेल तरी फोन करायला थांबायचं नाही, नुसता पासपोर्टचा नंबर माहीत असला तरी आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ऑनलाइन काढता येतो. मराठी कागदांचं भाषांतर आम्ही करून देतो, भाषांतर अचूक आणि पूर्ण आहे असं सही करून लिहून द्यावं लागतं.

अजून एक, मनावर घेऊ नका, पण दुभाषी म्हणून तुम्ही स्वतः फोनवर बसू नका. क्लिनिकला आधीच सांगा की मराठी बोलणारी बाई हवी. भावासमोर बहीण निम्मं सांगत नाही, हे मी दर वेळी बघते.