वैद्यकीय शब्दांतले ग्रीक धातू कसे ओळखायचे?

वैद्यकीय शब्दांच्या याद्या पाठ होत नाहीत, ग्रीक धातू (म्हणजे शब्दांची मूळ रूपं) शिकून काही फायदा होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतो, मात्र धातूंचीच नवी यादी घोकायला घेतलीत तर नाही. त्यापेक्षा शब्द शेवटाकडून सोडवा.

‘गॅस्ट्रोएंटरायटिस’ घ्या. शेवटचं ‘आयटिस’ म्हणजे दाह. कशाचा? ‘गॅस्ट्र’ म्हणजे जठर, ‘एंटर’ म्हणजे आतडं. मधला ‘ओ’ नुसता जोडस्वर. प्रत्यय स्वराने सुरू झाला की तो गळतो (गॅस्ट्रायटिस), व्यंजनाने सुरू झाला की राहतो (गॅस्ट्रोस्कोपी). दोन धातूंच्या मध्ये मात्र पुढे स्वर असला तरी टिकतो.

खरी गफलत होते ती शस्त्रक्रियांच्या नावांत. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, आणि ‘स्टॉमी’ आलंय ‘स्टोमा’वरून, म्हणजे तोंड. गॅस्ट्रोटॉमीत जठराला छेद देतात, गॅस्ट्रेक्टॉमीत जठर पूर्ण किंवा अंशतः काढतात, गॅस्ट्रोस्टॉमीत पोटावरून थेट जठरात उघडणारं छिद्र करतात, बहुधा नळीने अन्न देण्यासाठी. गॅस्ट्रोटॉमी आणि गॅस्ट्रोस्टॉमी यांत फरक एका ‘स’चा.

उपसर्ग मराठी माणसाला अर्धे फुकटच मिळतात. आपल्याकडे व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ लागतो: अशक्त, अनादर. ग्रीकमध्येही तेच: ॲसेप्टिक (जंतुरहित), ॲनॉक्सिया (ऑक्सिजनचा अभाव). ‘हायपर’ (वर, जास्त) आणि ‘उपरि’, ‘हायपो’ (खाली, कमी) आणि ‘उप’ हे एकाच कुळातले. ‘ओडॉन्ट’ आणि ‘दंत’ही. यकृताचं ‘हेपार’सुद्धा ‘यकृत’चंच भावंड आहे, ऐकून पटत नाही इतकंच.

आता खड्डे. ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘मायलो’ म्हणजे अस्थिमज्जा किंवा मज्जारज्जू. पोलिओमायलायटिस हा मज्जारज्जूतल्या करड्या भागाचा दाह. म्हणजे आपण रोगाला नुसतं ‘पोलिओ’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ‘करडा’ एवढंच म्हणत असतो! पीडियाट्रिक्समधलं ‘पीड’ ग्रीक, अर्थ मूल. पेडलमधलं ‘पेड’ लॅटिन, अर्थ पाऊल. शिवाय व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे: ‘ऑक्सिजन’चा शब्दशः अर्थ आम्लजनक, कारण सगळ्या आम्लांत तो असतोच असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं होतं. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो.

एकाच अवयवाला दोन नावं दिसली तर गोंधळू नका. साधारणपणे शरीररचनेत लॅटिन चालतं, रोग आणि शस्त्रक्रियांत ग्रीक. म्हणून मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’, पण त्याचा दाह ‘नेफ्रायटिस’.