फोन वाजत नाही, म्हणजे मी संपलो का?

महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यात पगार पडत नाही, अशी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की एक प्रश्न हमखास निघतो : काम यायचं थांबलं, म्हणजे माझ्यातलंच काही संपलं का? फोटोग्राफर विचारतात, भाषांतरकार विचारतात, डबिंग करणारे कलाकार विचारतात. मला या प्रश्नाबद्दल जे सांगायचंय ते ठाण्यातल्या एका ड्रमरच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 45 च्या आसपास. बालपण चेंदणी कोळीवाड्यात. वडील ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे, त्यामुळे हळदीच्या रात्री हा मुलगा बँडच्या मागेमागे. पुढे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), गडकरी रंगायतनला कार्यक्रम, आणि एक दिवस एका अरेंजरने, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणाऱ्याने, अंधेरीच्या स्टुडिओत बोलावून घेतलं. तेव्हापासून सेशन. जिंगल्स, मालिकांची शीर्षकगीतं, चित्रपटांची गाणी. सेशन ड्रमर कुठल्या बँडचा नसतो, त्याला गाण्यापुरतं बोलावतात. कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, समोर नोटेशन किंवा नुसतंच ‘इथे जरा मोठं हवंय’, दोन-तीन टेकमध्ये काम आटपायचं आणि पुढची शिफ्ट गाठायची. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. गाणं गाजलं तरी ड्रम्स कोणी वाजवले ते बहुतेक कुठे लिहिलेलं नसतं.

त्यांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. गृहस्थ सतत फोन बघत होते. पत्नी म्हणाल्या, “रेंज आहे ना हे बघायला माझ्या फोनवरून स्वतःलाच रिंग देतात.” झोप तुटलेली. येईल त्या कामाला ‘हो’ म्हणायचं, मग ते रद्द झालं की दोन दिवस अबोला. मुलीचं गॅदरिंग एका रेकॉर्डिंगसाठी सोडलं, आणि ते रेकॉर्डिंग घाटकोपरला मेट्रोत चढता चढता रद्द झाल्याचा मेसेज आला. घराचे हप्ते पत्नीच्या पगारातून जात होते आणि त्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. “अहो, मला पैशांची भीती नाही वाटत,” त्या त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या गप्प बसण्याची वाटते.”

मी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या धंद्याबद्दलच विचारलं. त्यावर बोलताना ते मोकळे झाले. जुन्या वादकांकडून ऐकलेलं सांगू लागले. ताडदेवच्या फिल्म सेंटरला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सगळा वाद्यवृंद एकत्र वाजवायचा, एकाची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी, फ्रँको वाझ, हिंदी चित्रपटसंगीतातल्या या वादकांची नावं ते कानाला हात लावून घेतात. मग यंत्रं आली. खऱ्या ड्रम्सचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन, लिन एलएम-1, 1980 सालचं. आज ते काम लॅपटॉप करतो.

एक गोष्ट मला त्यांच्याकडून नीट कळली. गिटार एका माइकवर, साध्या खोलीत रेकॉर्ड होते. ड्रम किटला आठ-दहा माइक लागतात, मोठी खोली लागते, आणि एक सूर वाजण्याआधी आवाज लावण्यातच तासन्‌तास जातात. बजेट आवळलं की पहिली कात्री त्या खोलीच्या भाड्याला लागते, आणि खोलीबरोबर ड्रमरही जातो. हे सगळं त्यांनी स्वतः मला समजावून सांगितलं. तरीही स्वतःच्या बाबतीत निष्कर्ष एकच : “माझा हात गेला.”

या जागी मी थांबून विचार केला. त्यांना ‘तुम्ही छान वाजवता’ असं सांगण्यात अर्थ नव्हता. धीर देणाऱ्या शब्दांचा परिणाम पुढच्या रिकाम्या दिवसापर्यंतच टिकतो. मी त्यांना जुने मेसेज आणि डायऱ्या काढायला लावल्या. गेल्या काही वर्षांत प्रत्येक काम कोणामार्फत आलं, तेवढंच लिहायचं. यादी तयार झाली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त कामं तीन अरेंजरांकडून येत होती. त्यातले एक आता वेब मालिकांचं पार्श्वसंगीत करतात, तेही पूर्ण संगणकावर. दुसरे परदेशी गेले. तिसऱ्यांचं स्वतःचंच काम आटलेलं. एकानेही वादनाबद्दल तक्रार केली नव्हती. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे तिघंही घाबरलेले असतील.”

स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाला बाजाराची बातमी कोणी देत नाही. नोकरीत कंपनी तोट्यात आहे हे कॅन्टीनमध्ये कळतं. इथे फक्त शांतता असते, आणि त्या शांततेचा अर्थ माणूस स्वतःच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवरून लावतो. म्हणून मी अशा प्रत्येकाला आधी यादी करायला सांगते. यादीतून कधी कधी असंही निघतं की काम खरंच आपल्या वागण्यामुळे तुटलंय. तेही कळलेलं बरं, त्यावर काही करता येतं.

दुसरी गोष्ट उशिरा बाहेर आली. डाव्या कानात सतत शिट्टी वाजत होती, दोन वर्षांपासून. घरीही सांगितलं नव्हतं. वादकाच्या कानाबद्दल कुजबुज झाली की कामं बंद, ही भीती. या व्यवसायात शरीराचं दुखणं लपवण्याची जी रीत आहे, तिचा मला मनापासून राग येतो. कामाच्या जागी आरोग्य कसं जपावं याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या मोजमापानुसार 85 डेसिबलचा आवाज कानाला रोज आठ तास चालतो, 100 डेसिबलचा फक्त 15 मिनिटं. ड्रम किट 100 च्या सहज वर जातं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालं होतं, काम थांबवण्याइतकं नाही. वादकांसाठी मिळणारे इअरप्लग आले. रात्री दोनला जाग येण्याचं एक मोठं कारण ती शिट्टी होती, नुसती काळजी नव्हती.

पैशांचं त्यामानाने सोपं होतं. येणारी प्रत्येक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली, लहान का होईना, रक्कम घरखर्चाला काढायची. आकडा पती-पत्नीने एकत्र बसून ठरवला.

अवघड होतं ते शिकवण्याचं. वागळे इस्टेटमध्ये दोन मित्र एक गाळा भाड्याने घेऊन जॅमरूम, म्हणजे वादकांना सरावाची खोली, करत होते आणि यांना भागीदार म्हणून बोलावत होते : सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी क्लास. हे टाळत होते. “शिकवायला लागला म्हणजे वाजवायचं संपलं, असं म्हणतात आमच्यात.” मी त्यांना विचारलं की वडिलांनी हातात काठ्या दिल्या तेव्हा वडिलांचं वाजवणं संपलं होतं का. ते हसले नाहीत. पुढच्या वेळी आले ते गाळ्याचं गणित घेऊन.

नाव नसल्याचं दुःख मात्र मी मिटवू शकले नाही, आणि मिटवायचा प्रयत्नही केला नाही. मुलीच्या मैत्रिणींना ‘हे बाबांनी वाजवलंय’ असं सांगितलं की त्या मोबाइलवर शोधतात आणि काहीच सापडत नाही. हे दुखणारच. इतकंच सांगितलं की कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपलं नाव दिलं जावं अशी मागणी करण्याचा हक्क दिला आहे, आणि पुढचं वकिलाला विचारा. आता ते काम घेतानाच ईमेलवर श्रेयाचं लिहून मागतात. काही जण देतात. काही जण उत्तरच देत नाहीत, आणि त्या दिवशी ते चिडतात. चिडणं गप्प बसण्यापेक्षा कितीतरी बरं आहे.

गाळा सुरू झाला. सेशन पूर्वीइतकी नाहीत, होतील असंही नाही. रिकामे आठवडे येतात, पण ते आता घरी बोलून दाखवतात.

घरात असं कोणी असेल तर किती दिवस वाट बघावी, असं लोक मला विचारतात. कामाची काळजी काम आलं की उतरत असेल, तर घरच्या घरी बोलून, यादी करून, पैशांची घडी बसवून पाहा. काम येऊनही झोप, भूक, बोलणं परत येत नसेल, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही तोंडून निघत असेल, तर अजिबात थांबू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.