कार्ब्युरेटरचा बारीक पार्ट हरवला तर अख्खा कार्ब्युरेटर बदलावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या पल्सरचा कार्ब्युरेटर घरीच खोलून साफ केला आणि जोडायच्या वेळी मिक्श्चर स्क्रूची, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूची, स्प्रिंग, वायसर आणि रबराची ओ-रिंग सापडेना. गॅरेजवाले म्हणतात सुटा पार्ट मिळत नाही, नवीन कार्ब्युरेटर टाका. मी सांगलीतच दुचाकींचं काम करतो, म्हणून इथल्या बाजाराच्या हिशेबाने सांगतो. एवढ्यासाठी कार्ब्युरेटर बदलू नका. हे तिन्ही भाग शहरातल्या शहरात मिळतात, फक्त काय मागायचं ते नीट माहीत हवं.

त्याआधी ओ-रिंग खरंच हरवली आहे का ते बघा. स्क्रू काढला की स्प्रिंग त्याच्याबरोबर बाहेर येते, पण वायसर आणि ओ-रिंग बऱ्याचदा भोकाच्या तळाशी चिकटून बसतात. काळ्या रबरावर पेट्रोलचा थर असतो, त्यामुळे ती वरून दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च सरळ भोकात मारा आणि बारीक तारेचं टोक वाकवून, गोल करून, कडेने हलकेच चाचपा. टोकदार टाचणी घालू नका. खाली जिथे स्क्रूचं निमुळतं टोक बसतं तिथे ओरखडा पडला तर पुढे सेटिंग कधीच नीट लागत नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र स्क्रू काढल्यावर थेट त्या भोकात मारली असेल, तर ओ-रिंग आत राहिली नसणार.

उडालेला पार्ट शोधायचा तर खोलीतला दिवा बंद करून टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. एवढ्याशा स्प्रिंगचीही लांब सावली पडते. लोहचुंबक फिरवाच, पण जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे बारीक पार्ट, पितळेचे असतात आणि ओ-रिंग रबराची, ती चुंबकाला लागणार नाहीत. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला पातळ पायमोजा ताणून बांधा. पार्ट कापडावर अडकतो, पोटात जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्ब्युरेटर काढल्यावर इंजिनाकडचं तोंड उघडं ठेवलं होतं का? ठेवलं असेल तर हरवलेला धातूचा तुकडा तिथे गेला नाही याची खात्री होईपर्यंत किक मारू नका, बटणही दाबू नका. बेंड पाइप, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा पाइप, खोलून आत बघा. स्प्रिंगचा तुकडा व्हॉल्व्हखाली अडकला तर खर्च कार्ब्युरेटरवर थांबणार नाही, हेड खोलावं लागेल. पुढच्या वेळी कार्ब्युरेटर सुटला की लगेच तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आणि फडक्याचं टोक लांब बाहेर ठेवा, म्हणजे जोडताना ते आत विसरणार नाही.

आता पार्टबद्दल. क्रम पक्का लक्षात ठेवा: स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वायसर, सगळ्यात टोकाला ओ-रिंग. स्प्रिंगचं काम एकच, गाडीच्या थरथरीने स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून त्याला ताणून धरणं. ओ-रिंग आट्यांमधून बाहेरची हवा आत येऊ देत नाही. वायसर मध्ये असतो तो स्प्रिंगचं टोक रबरात रुतू नये म्हणून. एकदा हे कळलं की कुठे तडजोड चालेल ते आपोआप कळतं. पेनातली स्प्रिंग कापून घालणारे बरेच आहेत. घरी पोहोचण्यापुरती ती चालते, पण तिची तार बारीक आणि ताण कमी असतो, त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर स्क्रू फिरतो आणि ठरवलेलं सेटिंग राहत नाही. ओ-रिंगच्या जागी दोरा, टेफ्लॉन टेप किंवा गॅसकेटचं सोल्युशन मात्र अजिबात नको. त्याचे कण आतल्या सुईएवढ्या भोकात जातात आणि मग पायलटची, म्हणजे गाडी स्लोवर असताना पेट्रोल देणारी, वाट बंद होते.

ओ-रिंग मोटरसायकलच्या दुकानातच मिळते असं नाही. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात जा. सांगली, माधवनगर, कुपवाड एमआयडीसी या भागात कारखान्यांमुळे अशी दुकानं आहेत. जाताना स्क्रू आणि कार्ब्युरेटर दोन्ही न्या. जुनी रिंग मिळाली तरी तिच्यावरून माप घेऊ नका, कारण पेट्रोलमध्ये राहून ती फुगलेली असते. व्हर्नियरने स्क्रूचा दांडा मोजा, भोक मोजा. दोघांच्या फरकाच्या निम्मी ती फट, आणि रिंगची जाडी फटीपेक्षा थोडी जास्त हवी. समजा दांडा ३ मिमी आणि भोक ५.५ मिमी आहे, तर फट सव्वा मिलिमीटर झाली. तिथे दीड मिमी जाडीची रिंग दाबून बसेल. आतला व्यास दांड्याएवढा किंवा किंचित कमी घ्या.

रबर कोणतं तेही विचारा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही ते बनतं. जुन्या गाड्यांमधलं रबर त्या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं, ते फुगतं आणि वाळलं की कडक होतं. दुकानात व्हायटॉन म्हणून मागा. साध्या नायट्राइलपेक्षा महाग पडते, पण एवढ्या लहान रिंगमध्ये फरक नगण्य आहे. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रेही रबर फुगवतो. म्हणून स्प्रे मारायच्या आधी सगळं रबर बाजूला काढायचं. तुमच्या पल्सरमध्ये पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा, कार्ब्युरेटर असेल तर तो पडदा आधी काढा. खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं गॅसकेट फुगून खाचेत बसत नसेल तर फेकू नका. काही तास मोकळ्या हवेत ठेवलं की पुष्कळदा आकसून जागेवर येतं.

वाटीचे स्क्रू हरवले तर सगळ्यात सोपं. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये ते ४ मिमीचे असतात. उरलेला एक स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात नमुना म्हणून न्या आणि लांबी तंतोतंत जुळवा. लांब स्क्रू तळाला टेकतो, वाटी सैलच राहते, आपण आणखी आवळतो आणि आटे जातात. बॉडी मऊ धातूची असते, तिला जोर सोसत नाही.

इथपर्यंत बाजारातून जुळवाजुळव चालते. पुढच्या तीन गोष्टींत मी ती कधीच करत नाही.

पहिली, निडलचं, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या लांब सुईचं, लॉक, ती इंग्रजी ई अक्षरासारखी चिमुकली पट्टी. काढताना ती हमखास उडते, म्हणून निडल पारदर्शक प्लास्टिक पिशवीत धरून काढायची. लॉकऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली मी पाहिली आहे. ती झिजून तुटते आणि तुकडा खाली हवेच्या वाटेत पडतो. शिवाय लॉक कोणत्या खाचेत होतं हेही महत्त्वाचं. ते खालच्या खाचेत गेलं की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं, वरच्या खाचेत गेलं की कमी होतं. काही निडलला एकच खाच असते आणि खाली पातळ वायसर असतात, त्यांची संख्या आणि क्रमही तोच राहिला पाहिजे.

दुसरी, जेट. त्यावर कोरलेला नंबर सारखा दिसला म्हणून जेट सारखा होत नाही. केहिनच्या मेन जेटचा नंबर भोकाच्या व्यासाचा असतो, म्हणजे १०० नंबर म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीचा नंबर त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून असतो. त्यामुळे कंपनी आणि नंबर दोन्ही जुळले पाहिजेत. भोक ड्रिलने मोठं करणं तर सोडूनच द्या. मिरज तंतुवाद्यांचं गाव, तिथे सतारीची पोलादी तार घालून जेट साफ करणारेही आहेत. पितळेपुढे पोलाद कठीण, भोक नकळत वाढतं. स्प्रे आणि हवा, फार तर वायरमधला तांब्याचा एक केस, बस.

तिसरी, फ्लोटची, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची, सुई आणि फ्लोटची पिन. सुईच्या टोकाला रबर असतं, तेच टाकीतून येणारं पेट्रोल अडवतं. पिनच्या जागी खिळा कापून घातला तर फ्लोट अडखळतो, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, आणि काही गाड्यांमध्ये रात्रभरात ते इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. कधी ओव्हरफ्लो झालं असेल तर ऑइलचा वास घेऊनच गाडी चालू करा.

या तिन्हींसाठी कार्ब्युरेटरच्या मॉडेलप्रमाणे रिपेअर किट मागा. काउंटरवर फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कार्ब्युरेटर आले. बॉडीवर कोरलेला नंबर आणि गाडीचं वर्ष सांगा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या गाड्या बहुतेक कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे दुकानदार हा माल कमी ठेवतात. मागवावा लागतो, एवढंच. गॅरेजवाल्यालाही लगेच दोष देऊ नका. एका स्प्रिंगसाठी चार दुकानं फिरायची तर त्याचा दिवस जातो.

अख्खा बदलावा अशीही वेळ येते. बॉडीतले आटे गेले, स्लाइड किंवा थ्रॉटलचा दांडा झिजून खुळखुळा झाला, बॉडीला चीर पडली, तर नवीन घ्यावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे कितीतरी कार्ब्युरेटर आतून गाळाने आणि गंजाने इतके खाल्ले होते की आतल्या वाटा मोकळ्या होईनात. तिथे किटचे पैसे वाया गेले असते. तुमचा तसा प्रकार दिसत नाही.

पार्ट मिळाले की स्वयंपाकघरातल्या परातीत पांढरं फडकं अंथरून त्यावर जोडा. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, आवळू नका, टोक मोडतं. मग साधारण दोन फेरे बाहेर काढा आणि गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. तापल्यावर स्लोवर ठेवून स्क्रू अर्धा अर्धा फेरा आतबाहेर करून बघा. इंजिनाचा आवाज बदलला पाहिजे, एका जागी तो सगळ्यात गुळगुळीत लागतो, तिथे सोडा. कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नसेल तर ओ-रिंग नीट बसलेली नाही, पायलटची वाट चोंदलेली आहे किंवा बेंड पाइपपाशी हवा घेतोय. तसं झालं तर बॉडीवरचा नंबर आणि स्क्रूच्या भोकाचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.