ट्रॅक्टर माझा, मग कुलूप कंपनीचं का?

प्रश्न : गेल्या वर्षी मी पन्नास एचपीच्या वरचा नवा ट्रॅक्टर घेतला. ऐन तोडीत इंजिनाचा दिवा लागला आणि ट्रॅक्टर ओढच घेईना. गावच्या मिस्त्रीने सेन्सर बदलला, पण बिघाडाचा कोड जाईना. शोरूमवाले म्हणाले, ‘आमचा माणूस चार दिवसांनी लॅपटॉप घेऊन येईल. दुसऱ्या कुणी सॉफ्टवेअरला हात लावला तर कॉपीराइटचा गुन्हा होईल.’ तोडलेल्या मोळ्या फडात वाळल्या. माझ्या ट्रॅक्टरवर माझा हक्क किती?
– एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : भाऊ, माझं माहेर कृष्णाकाठचं. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन कसं घटतं, ते मी लहानपणापासून पाहिलंय. तुमचं पत्र वाचून रागच आला.

गुन्ह्याची भीती तुम्हाला उगाच घातली. प्रोग्रॅमचा कॉपीराइट कंपनीचाच, पण ट्रॅक्टर तुमचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काढून वाचा. ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला त्या कामापुरता त्यात बदल करणं, तो कसा चालतो याचा अभ्यास करणं, या गोष्टींची मुभा तिथे आहे. २०१२ साली आलेलं कलम ६५अ सॉफ्टवेअरला दुसऱ्याने हात लावू नये म्हणून घातलेलं इलेक्ट्रॉनिक कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण कॉपीराइटचा भंग करायच्या इराद्याने तोडलं तरच तो गुन्हा. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने हे कुलूप इतकं घट्ट केलं, की ट्रॅक्टर दुरुस्त करता यावा म्हणून २०१५ मध्ये वेगळी सवलत द्यावी लागली.

मिस्त्रीला मात्र एक बजावून सांगा. कंपनीच्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी लॅपटॉपवर चालवू नको. जाणूनबुजून तशी वापरली तर कलम ६३ब खाली किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे. आणि एचपी वाढवायला किंवा धुराची यंत्रणा बंद करायला प्रोग्रॅम बदलून घेऊ नका. ती दुरुस्ती नव्हे.

माझं स्पष्ट मत असं, की कॉपीराइटने नक्कल करून विकणाऱ्याला अडवावं. सेन्सर बदलल्यावर कोड पुसणाऱ्या मिस्त्रीला अडवायचं त्याला काही कारण नाही. खरी अडचण पुढेच आहे. मिस्त्रीला कोड पुसायची साधनं द्याच, असं कंपनीला बजावणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, शेतीची यंत्रंही त्यात धरली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि ऊस काही पोर्टलची वाट बघत थांबत नाही.

पुन्हा दिवा लागला तर डॅशबोर्डचा फोटो काढा, जॉब कार्डावर कोड लिहून घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की ‘गुन्हा’ हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं, तर त्याच फडातल्या आधीच्या आणि नंतरच्या खेपांच्या काट्याच्या पावत्या सोबत आणा. नुकसान त्यांवरूनच दाखवता येईल.