वाचक विचारतात : नावात जमैका, माणूस त्रिनिदादचा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात 139 क्रमांकाची ‘जमैका’ स्क्वाड्रन होती. ती जमैकन तरुणांची होती का?

उत्तर : नाही. जमैकातल्या लोकांनी 1940 मध्ये वर्गणी काढून बॉम्बर विमानांसाठी पैसे पाठवले, त्याची जाण म्हणून ते नाव मिळालं. कॅरिबियन माणसांची वेगळी स्क्वाड्रन कधी उभीच राहिली नाही आणि त्यांचा विसर पडण्याचं मोठं कारण आमच्या मते हेच. युद्धापूर्वी हवाई दलात शुद्ध युरोपीय वंशाचीच माणसं घ्यायची, असा नियम होता. ऑक्टोबर 1939 मध्ये तो युद्धकाळापुरता उठला. त्यानंतर साधारण चारशे ते पाचशे कॅरिबियन तरुण विमानात बसून लढले, पण एकेकटे विखुरलेले. सात जणांच्या लँकेस्टर या बॉम्बर विमानामध्ये त्यांच्यातला एखादाच असे. जमैकाच्या बिली स्ट्रॅचन यांनी इंग्लंडच्या तिकिटासाठी सायकल आणि सॅक्सोफोन विकला होता. ‘जमैका’ स्क्वाड्रनमध्ये गाजलेले उलरिक क्रॉस मात्र त्रिनिदादचे!

प्रश्न : क्रॉस यांनी 80 मोहिमा केल्या, पण विमान दुसराच चालवत होता. मग नेव्हिगेटर नेमकं काय करी?

उत्तर : रात्र, खाली ब्लॅकआउट, बहुतेकदा ढग. अशा वेळी विमान कुठे आहे हे गणिताने काढणं त्याच्याकडे असे. वेग आणि दिशा यंत्रावर दिसतात. फसवतो तो वारा. वाऱ्याचा अंदाज ताशी 20 मैलांनी चुकला, तर तासाभरात विमान 20 मैल भलतीकडे. म्हणून ‘जी’ नावाच्या रेडिओ यंत्रणेवर जागा पक्की करत राहायचं. जमिनीवरच्या केंद्रांचे संकेत किती फरकाने पोहोचतात ते पडद्यावर मोजायचं, खास नकाशावर त्या फरकांच्या दोन वक्ररेषा शोधायच्या; त्या छेदतात तिथे आपण. अशा दोन जागा आणि मधला वेळ हाती आला की खरा वारा निघतो. पुढे जर्मन जॅमिंगमुळे, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या रेडिओ गोंगाटामुळे, पडदा गवत उगवल्यासारखा भरून जाई. त्यामुळे समुद्र ओलांडतानाच वारा नीट काढून ठेवावा लागे. तिथली चूक शेवटपर्यंत सोबत येई.

लँकेस्टरमध्ये यासाठी पडद्याआड टेबल आणि दिवा तरी होता. क्रॉस मॉस्किटो या छोट्या बॉम्बरमध्ये होते. तिथे दोघेच, जागा इतकी अडचणीची की नकाशा मांडीवर घ्यायचा, आणि लक्ष्य आलं की पुढच्या नाकात सरपटत जाऊन बॉम्बही त्यानेच टाकायचे. नेहमीच्या बॉम्बर दलाची पहिली पाळी 30 मोहिमांची असे, हे लक्षात घेतलं की 80 हा आकडा कळतो. डीएफसी आणि डीएसओ ही शौर्याची आणि युद्धसेवेची दोन्ही पदकं त्यांना मिळाली.

प्रश्न : अशा एखाद्या माणसाची नोंद कशी शोधावी?

उत्तर : जन्मस्थळावरून शोधू नका, फार थोड्या कागदांवर ते सापडतं. मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत ‘अतिरिक्त माहिती’ बघा. आईवडिलांचं गाव असलंच तर तिथे. कबर नसलेल्यांची नावं रनीमीडच्या स्मारकावर आहेत, वीस हजारांहून अधिक. सार्जंटचा अधिकारी झाला की सेवाक्रमांक बदले. इथे बहुतेकांचा शोध तुटतो. ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रातल्या नेमणुकीच्या नोंदीत जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक मिळतात.

मग लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 27’ मालिकेतली स्क्वाड्रनची नोंदवही काढा. त्यातला फॉर्म 541 हवा : विमान, त्यातल्या माणसांची नावं, उड्डाणाची आणि परतीची वेळ. मोहीम मध्यरात्र ओलांडते, म्हणून दोन तारखा बघा. ब्रिटिश गयानाचे साय ग्रँट 103 स्क्वाड्रनच्या लँकेस्टरमधून गेल्सेनकिर्खेनला गेले ती रात्र 25-26 जून 1943 ची. विमान नेदरलँड्समध्ये पडलं आणि पुढची दोन वर्षं ते युद्धकैदी होते. तेव्हा परतीच्या वेळेचा रकाना रिकामा दिसला तर माणूस गेलाच असं धरू नका. युद्धकैद्यांच्या याद्याही चाळा.