विक्रेता म्हणतो तशी ही लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) खरंच ‘वर्धापन आवृत्ती’ आहे का, आणि ती शर्यतीत चालेल का?

स्टिकरवर विश्वास ठेवू नका. तो कोणीही कुठेही चिकटवतो. आधी होडीचा क्रमांक शोधा. क्रमांक 148200 पासूनच्या होड्यांवर तो कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) मागच्या भिंतीवरच्या छोट्या पट्टीवर असतो. त्याआधीच्या होड्यांवर तो पुढच्या टोकाच्या कडीखाली किंवा मागच्या फळीवर साच्यातच उमटवलेला असतो. कडीखाली बोट फिरवा, घासलेले आकडेही हाताला लागतात. क्रमांकावरून होडीचं वर्ष काढा आणि ते त्या वर्धापनाशी जुळतं का पाहा.

मग रंग. डेकवरचं एखादं फिटिंग सैल करून खाली बघा. रंग मूळ जेलकोटचा (होडी साच्यात बनतानाच येणाऱ्या बाहेरच्या रंगीत थराचा) असेल तर तिथेही तोच दिसतो. मागाहून मारलेला असेल तर फिटिंगच्या कडेला रेघ उमटते. ही तपासणी मला सगळ्यात खात्रीची वाटते.

शर्यतीत मात्र ‘खास आवृत्ती’ला काही किंमत नाही. होडी परवानाधारक उत्पादकाची हवी. शीड, डोलकाठी, सुकाणू आणि सेंटरबोर्डही (होडीखाली पाण्यात उतरवायची फळी) वर्गमान्य, म्हणजे या प्रकारच्या होड्यांच्या संघटनेने मान्य केलेले हवेत. 2019 मध्ये वर्गाचं, म्हणजे या होडी-प्रकाराचं, नाव आयएलसीए झालं, तरी जुन्या वैध लेझर चालतात. बहुतेकदा घोळ शिडाचा असतो: स्वस्तातलं नकली शीड सरावाला ठीक, वर्गाच्या शर्यतीत नाही. पैसे देण्याआधी क्रमांकाचा आणि शिडाचा फोटो काढून तुमच्या वर्ग संघटनेला दाखवा.